मळीचा कॅन आधी उचलून बघ

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो बघितला. नाईल रेड ह्या रंगानं रंगवलेले ई. कोलाय जिवाणू आणि प्रत्येकाच्या पोटात प्लास्टिकचे चार-सहा चमकते दाणे. तुझ्या काकूला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "भिजवलेल्या साबुदाण्यागत दिसतंय की!" खोटं नाही, तसंच दिसतं. इतकी वर्षं मी हे दाणे बघतोय, पण साबुदाणा काही सुचला नव्हता.

फोटोखाली तू लिहिलंयस, "काका, तिन्ही जनुकं बसली. आता पीएच.डी. ह्याच्यावरच करतो. प्लास्टिकचा विषयच संपवतो." कोल्हापूरच्या पोरी 'करतो', 'येतो'च म्हणणार, उद्या पुण्या-बेंगळुरूला गेलीस तरी ते सोडू नकोस. पण त्या शेवटच्या वाक्यानं मला झोप लागेना. म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोनवर तू मला बोलू कुठं देतेस?

आधी शाबासकी घे. प्लेटवरच्या वसाहती दुधासारख्या पांढऱ्या आणि अपारदर्शक दिसल्या म्हणून तू त्याच नेमक्या उचलल्यास, हे वाचून बरं वाटलं. डोळा आहे तुला. आता खरं सांगतो, रागावू नकोस. तू केलंस तो ह्या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

पीएचबी नावाचा हा पदार्थ, म्हणजे त्या दाण्यांतलं प्लास्टिक, फ्रान्समध्ये मोरिस लमवान्य ह्यांनी १९२६ च्या सुमारास एका बॅसिलसमध्ये ओळखला. म्हणजे शंभर वर्षं झाली. तो बनवणारी तीन जनुकं ई. कोलायमध्ये पहिल्यांदा बसली १९८८ साली, मी एम.एस्सी. झालो त्याच वर्षी. तेव्हा ते एका अख्ख्या प्रयोगशाळेचं काम होतं. तू जनुकं ऑर्डर करून मागवलीस, पार्सल आलं आणि सहा आठवड्यांत काम उरकलंस. जे काम पार्सलनं येतं त्यावर पाच वर्षं घालवू नयेत असं मला वाटतं.

मग पाच वर्षं कशावर घालवायची? माझं उत्तर एका वाक्यात: जिवाणू काय खाणार आणि बनलेल्या प्लास्टिकचं नेमकं काय करणार, ही दोन टोकं आधी पक्की कर, जनुकाला हात शेवटी लाव. तू उलट्या बाजूनं शिरलीस. मीही तसाच शिरलो होतो, ते पुढं सांगतो.

जिवाणू हे दाणे का साठवतो ते तुला पाठ आहे, पण तुझ्या प्रस्तावात ते इतकं किचकट लिहिलंयस की परीक्षकालाही घाम फुटेल. साधं आहे. सुगीला शेतकरी कणगी भरतो. जिवाणूला कार्बन भरपूर मिळाला आणि नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपला की त्याला वाढता येत नाही, मग हातातली साखर तो दाण्याच्या रूपात साठवून ठेवतो. एक एन्झाइम दोन ॲसिटाइल-कोए, म्हणजे साखर फोडून झालेले दोन-दोन कार्बनांचे तुकडे, जोडतं, दुसरं त्यात हायड्रोजन घालतं, तिसरं त्या कड्यांची साखळी ओवतं. एवढंच. कुप्रिआव्हिडस नेकॅटरच्या पोटात ही साठवण कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते, पण भूक लागली की तो ती परत फस्त करतो, काढणीला उशीर झाला की आकडा घसरलेला दिसतो. ई. कोलायला आपण कणगी दिली, ती उघडायची किल्ली दिली नाही. साठलेलं तसंच राहतं. हा त्याचा मोठा गुण. (कुप्रिआव्हिडसवरचे जुने पेपर शोधताना अल्कॅलिजेनीस, राल्स्टोनिया, वॉटर्सिया ही नावंही घालून शोध. ह्या जिवाणूनं जितकी नावं बदलली तितके पक्ष आपल्याकडच्या पुढाऱ्यांनीही बदलले नसतील.)

आता पहिलं टोक, खाणं.

कागद-पेन्सिल घे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जिवाणू दोन ॲसिटाइल-कोए करतो आणि दोन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून देतो. उरलेल्या चार कार्बनांची एक कडी होते, तिचं वजन ८६ ग्रॅम. म्हणजे ब्रह्मदेव आला तरी १०० किलो ग्लुकोजमधून ४८ किलोच्या वर पीएचबी निघणार नाही. शिवाय जिवाणूला स्वतःचं अंग धरायचं असतं, श्वास घ्यायचा असतो. हातात पडतात ३० ते ४० किलो. ढोबळमानानं एका किलोला तीन किलो साखर. केंद्रानं २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला. तोच धरला तरी नुसत्या साखरेचे ९३ रुपये झाले. हवा, वीज, पाणी, पगार, काढणी सगळं अजून बाजूला आहे. शिरोली एमआयडीसीत जाऊन कुठल्याही मोल्डिंगवाल्याला पॉलिथिनच्या दाण्याचा भाव विचार, मग ह्या ९३ कडे परत बघ.

म्हणून सगळे मळीकडे वळतात आणि तूही वळलीस. बरोबर आहे. पण तुझ्या प्रस्तावात मळी एका ओळीत संपलीय: "स्थानिक साखर कारखान्यांतून स्वस्त कार्बन स्रोत उपलब्ध." पोरी, तू मळी हातात घेऊन बघितलीस का कधी? पाच लिटरचा कॅन भरून उचल. पाणी असतं तर पाच किलो भरलं असतं, मळी सात किलो भरते. ओतायला गेलीस तर थंडीत धार तुटत नाही, मोजपात्राला निम्मी चिकटून राहते, आणि म्हणून मळी मापानं नाही, वजनानं घ्यायची. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिला महिनाभर माझे सगळे प्रयोग त्या एका चुकीपायी वाया गेले.

आणि मळी म्हणजे कोणती, हेही लिही. कारखान्यात साखर काढून उरते ती मळी. गुऱ्हाळात काहिलीवर येणारा काळपट फेस झाऱ्यानं काढून टाकतात, तीही मळीच. मागं मुंबईचा एक विद्यार्थी माझ्या ओळखीनं गुऱ्हाळावर गेला आणि "मळी हवीय" म्हणाला. गुळव्यानं प्रेमानं त्याला फेसाचा डबा भरून दिला. तो बिचारा तो डबा घेऊन कर्जतपर्यंत गेला होता.

कारखान्याच्या मळीत बी हेवी आणि सी हेवी असा भेद आहे. सी हेवी म्हणजे पुन्हा पुन्हा साखर काढून राहिलेला शेवटचा काळा गाळ. त्यात निम्म्याच्या आसपास साखर असते. उरलेल्यात पोटॅशियमचे आणि चुन्याचे क्षार, करपलेल्या साखरेचा रंग, आणि नायट्रोजन. हा नायट्रोजन तुझा वैरी, कारण तुझा सगळा खेळ नायट्रोजन संपण्यावर उभा आहे आणि मळी तो गुपचूप पुरवत राहते. शिवाय नोव्हेंबरची मळी आणि मार्चची मळी एक नसते. आडसाली ऊस, खोडवा, पावसात भिजलेला ऊस, गाडीत दोन दिवस तुंबलेला ऊस, सगळ्यांची मळी निराळी. एकाच कॅनवर वर्षभर प्रयोग करून सुंदर आलेख काढशील, आणि दुसऱ्या कारखान्याचा कॅन उघडलास की तो आलेख आडवा होईल. दर पंधरा दिवसांनी एक कॅन आण, तारीख-वार टाक, प्रत्येकाची साखर, राख आणि नायट्रोजन मोज. हे कंटाळवाणं काम तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं तर मला त्या तीन जनुकांपेक्षा जास्त आनंद होईल.

पुढचा पेच असा. मळीतली साखर म्हणजे मुख्यतः सुक्रोज. तुझ्या प्रयोगशाळेतला ई. कोलाय के-१२ कुळातला, तो सुक्रोज खातच नाही. कुप्रिआव्हिडसचा प्रसिद्ध एच-१६ वाणही खात नाही. साखर फोडून दिली तर त्यातलं फ्रुक्टोज खातो आणि ग्लुकोज पानात टाकून उठतो. म्हणजे अख्खा कोल्हापूर जिल्हा साखर पिकवतो आणि आपण पाहुणा आणलाय तो साखर न खाणारा! ई. कोलायची डब्ल्यू नावाची जात सुक्रोज खाते, तिच्यातली ती जनुकं उचलून दुसरीकडे बसवता येतात. बदल करायचाच तर इथं कर. इथं बदल केलास तर त्याला दाम आहे.

किंवा दुसरी वाट. ब्राझीलच्या संशोधकांनी तिथल्या उसाच्या फडातल्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. सुक्रोज आवडीनं खातो आणि दाणेही साठवतो. २००१ साली त्याचं नाव ठेवलं बर्खोल्डेरिया सॅकॅरी, साखरेवरूनच. आता मला सांग, करवीर, पन्हाळा, शिरोळ, हातकणंगले, इतके फड आपल्याकडे, किती पिढ्यांचा ऊस, आणि तू जिवाणू मागवलास कुठून? एकदा खोडव्याच्या सरीतली वीतभर खालची माती आण. पातळ करून सुक्रोज भरपूर आणि नायट्रोजन कमी असलेल्या अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर पसर, अगरमध्ये थोडा नाईल ब्ल्यू हा रंग घाल आणि अतिनील दिव्याखाली बघ. ज्या वसाहती केशरी चमकतील त्या उचल. दोन आठवड्यांचं काम आणि खर्च नगण्य. सापडेलच असं नाही. पण जनुकं घालण्याआधी हे एकदा करून बघायला हवं होतं, नाही का?

मळीला गिऱ्हाईकही एकटी तूच नाहीस. तीच मळी डिस्टिलरीला जाते. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ९२ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल देतं, म्हणजे वजनाचं गणित तुझ्यासारखंच, पण इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्या ठरलेल्या दरानं उचलतात. तुझं प्लास्टिक कोण उचलतं? आणि दिल्लीहून एक आदेश निघाला की सगळं फिरतं. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात बंदी आली. नंतर सैल केली, पण ते दिवस ज्यांनी कारखान्यात काढले त्यांना विचार. तुझा जिवाणू फक्त मळीवरच जगत असेल तर त्याचं भवितव्यही त्याच आदेशांवर लटकणार. दुसरं काही खाऊ शकतो का तो, हे बघून ठेव.

"डिस्टिलरीच्या टाक्या आयत्या उपलब्ध आहेत" हे वाक्य प्रस्तावातून खोडून टाक. यीस्टला अल्कोहोल करायला हवा लागत नाही. टाकी भरली, यीस्ट टाकलं, फेस येत राहतो. तुझ्या जिवाणूला मात्र हवा हवी, आणि ती सतत. पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून विरघळतो किती? लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास. दाट झालेले जिवाणू तेवढा काही सेकंदांत संपवतात. म्हणून मोठा कॉम्प्रेसर, मोठा ढवळ्या, आणि ते सगळे श्वास घ्यायला लागले की उष्णता. एप्रिल-मे महिन्यात इथलं थंड करायचं पाणीच कोमट असतं. शेकरवर २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ह्यातलं काहीच कळत नाही. फ्लास्क लाडावलेला असतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. साखर कारखान्याकडे बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड असतं, त्यावर वाफ आणि वीज होते. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या सेराना गावी साखर कारखान्याच्या आवारातच पीएचबीचा प्रायोगिक प्लांट चालवला गेला. साखर त्यांचीच, वाफ-वीज बगॅसची. आणि सगळ्यांत मला आवडलेली गोष्ट: जिवाणूतून प्लास्टिक काढायला त्यांनी विद्रावक कुठला वापरला, तर डिस्टिलरीतून निघणारी जड अल्कोहोलं. आपल्याकडे फ्यूजेल ऑइल म्हणतात तेच. तू वापरतेस क्लोरोफॉर्म. प्रयोगशाळेत ठीक, पण पर्यावरणासाठी प्लास्टिक करतो म्हणायचं आणि टनामागं पिंपच्या पिंप क्लोरोफॉर्म ओतायचा, हे कुठल्या तोंडानं सांगणार? प्लास्टिक जिवाणूच्या बाहेर काढण्यातच खर्चाचा मोठा वाटा जातो. ह्या एका टप्प्यावर कुणी मन लावून पाच वर्षं बसलं तर जनुकवाल्यांच्या दहा पेपरांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता माझी चूक ऐक.

डिस्टिलरी सोडल्यावर मी काही वर्षं एका खासगी प्रायोगिक प्लांटवर होतो. ५०० लिटरचा फर्मेंटर. जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, फ्लास्कमध्ये ६० टक्क्यांच्या वर दाणे, सगळे खूश. फ्लास्कमध्ये कॅनामायसिन हे जिवाणू मारणारं औषध घालायचो, कारण त्या औषधाला तोंड देणारं जनुक प्लास्मिडवरच असतं. प्लास्मिड टाकलं तो मेला. मोठ्या टाकीत इतकं महाग औषध कोण घालणार? म्हणून टाकीत घालायचं बियाणं वाढवायच्या दोन टप्प्यांपासूनच मी ते बंद केलं. मीच. कुणाला विचारलं नाही. आता हिशेब कर: एक मिलिलिटरपासून ५०० लिटरपर्यंत पोचायला जिवाणूला साधारण १९ वेळा दुप्पट व्हावं लागतं. दाणे बनवणारा जिवाणू ओझं घेऊन पळतो, ज्यानं प्लास्मिड टाकलं तो मोकळा पळतो. एकोणीस फेऱ्यांत शर्यत कोण जिंकणार? सकाळी सहाला काढणी केली. जिवाणू भरपूर, टाकी गच्च. सुकवून क्रोटोनिक ॲसिडची चाचणी केली (पीएचबीचं क्रोटोनिक ॲसिड करून ते मोजतात), २३५ नॅनोमीटरला सुई जागची हलेना. पुन्हा केली. दाणे होते ६ टक्के. ते आकडे घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर पंधरा मिनिटं उभा होतो, अजून आठवतात. त्या केबिनच्या दारावर गणपतीचं स्टिकर होतं, त्याची एक कड सुटली होती.

तेव्हा जनुकं प्लास्मिडवर ठेवू नकोस, गुणसूत्रात बसव. दाण्यांची संख्या कमी येईल, फोटो एवढा झगमगीत दिसणार नाही, चालेल. आणि औषधाशिवाय २५-३० पिढ्या चालवून मग आकडा सांग. मार्गदर्शक म्हणतील, ह्याची काय गरज? गरज आहे म्हणावं.

आकड्यांवरून आठवलं. "७२ टक्के पीएचबी" असं तू ठळक अक्षरांत लिहिलंयस. कशाचे ७२ टक्के? लिटरला दोन ग्रॅम जिवाणू असतील तर प्लास्टिक दीड ग्रॅमही नाही. लिटरमागं किती ग्रॅम, साखरेमागं किती, तासामागं किती, हे तीन आकडे एकत्र दिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आणि नाकाचा उपयोग करायला शीक. रात्रपाळीला आमच्याकडे एक वयस्कर ऑपरेटर होते, शिक्षण सातवी. टाकीच्या झाकणाशी जाऊन वास घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, दही लागलंय." पीएचचा काटा त्यानंतर अर्ध्या तासानं खाली यायचा. लॅक्टिक जिवाणू घुसलेले असायचे. गुळव्या नाही का, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करतो आणि काहिलीच्या काठावर आपटून नुसत्या आवाजावरून ठरवतो की काहील उतरवायची. थर्मामीटर त्याच्याकडं नसतो असं नाही. घुसखोरीवर एक हुशार तोडगा चीनमधल्या त्सिंघुआ विद्यापीठातल्या लोकांनी काढला: खाऱ्या सरोवरातला हॅलोमोनास हा जिवाणू घेतला. तो इतक्या मिठात आणि अल्कलीत वाढतो की दुसरं कुणी तिथं टिकत नाही, टाकी निर्जंतुक करायचा खर्चच वाचतो. आपल्याकडे लोणार आहे. एवढंच सुचवून ठेवतो.

दुसरं टोक, प्लास्टिकचं काय करणार?

तू लिहिलंयस, भाजीच्या पिशव्या. आपल्या राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली, आणि लक्ष्मीपुरीत रविवारी जाऊन बघ काय दिसतं ते. तिथं तुझी पिशवी फुकट पिशवीशी भांडणार. शिवाय नुसत्या पीएचबीची पिशवी होत नाही. मी एकदा हौसेनं किलोभर पावडर शिरोलीच्या एका मोल्डिंगवाल्याकडं नेली. हे वितळतं १७५ अंशांच्या आसपास, आणि त्याच्या थोडंसं वर गेलं की साखळ्या तुटायला लागतात. त्याच्या मशीनला इतकी नाजूक सवय कुठली? शेडभर क्रोटोनिक ॲसिडचा आंबट, नाकात झोंबणारा वास. जे दोन-चार तुकडे धड निघाले ते त्यानं अंगठ्यानं दाबले, आणि उडदाच्या पापडागत मोडले. "साहेब, ह्याचं काय करू?" म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही. साखळीत मध्ये मध्ये व्हॅलेरेट नावाची दुसरी कडी घातली की ते लवचीक होतं, त्यासाठी जिवाणूला प्रोपिओनिक ॲसिड चारावं लागतं किंवा त्याच्याकडूनच ते बनवून घ्यावं लागतं. हेही जनुक बदलायचं खरं कारण आहे.

मोठ्या कंपन्यांची कथा थोडक्यात: ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं बायोपोल नावानं काढलं, १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूच्या बाटल्याही आल्या, पुढं धंदा मोन्सँटोकडं गेला, त्यांनीही सोडला. अमेरिकेत आयोवामधल्या क्लिंटनला मोठा कारखाना २०१० मध्ये सुरू होऊन २०१२ मध्ये बंद पडला. ह्या सगळ्यांकडं जनुकं उत्तम होती.

चाललं कुठं, ते बघ. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं टाके घालायच्या एका धाग्याला मान्यता दिली. ह्याच कुळातला पी४एचबी, जनुक बदललेल्या ई. कोलायमध्येच केलेला, शरीरात हळूहळू विरघळणारा. तिथं किलोचा भाव कुणी विचारत नाही. आपल्या भागाचं म्हणशील तर माझ्या डोळ्यांसमोर नर्सरीतल्या काळ्या पिशव्या आणि मल्चिंग पेपर येतो. टोमॅटोचा प्लॉट संपला की तो कागद फाटून मातीत राहतो, गोळा करायला मजूर परवडत नाही, मग बांधावर जाळतात. जी वस्तू परत गोळा होणारच नाही, तिच्यासाठी मातीत संपणारं प्लास्टिक शोभतं.

पण 'संपणारं' म्हणताना जपून. पीएचबी कपाटात ठेवलंस तर वर्षानुवर्षं तसंच राहील. त्याला ओल हवी आणि ते खाणारे जिवाणू हवेत, मातीत ते असतात. पीएलए नावाच्या दुसऱ्या जैवप्लास्टिकचं निराळं, ते मोठ्या कंपोस्टच्या ढिगात ५८-६० अंशांना नीट कुजतं, घरामागच्या खड्ड्यात नाही. लोक दोन्हींना एकच 'विघटनशील' लेबल लावतात. तू लावू नकोस. त्यापेक्षा हे कर: पातळ पट्ट्या काप, वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत शिव, उसाच्या सरीत वीतभर खोल पूर, शेजारी तेवढ्याच पॉलिथिनच्या पट्ट्या पूर. दर पंधरा दिवसांनी एक जोडी काढ, चिखल धू, सुकव, वजन कर. पाणी दिल्याच्या तारखा शेतकऱ्याकडून लिहून घे. मेच्या कोरड्या मातीत आणि जुलैच्या चिखलात केवढा फरक पडतो ते तुझं तुलाच दिसेल. पट्ट्यांपाशी काठी रोवून खूण कर, नाहीतर भांगलणीला आलेल्या बायका उपटून फेकतील. माझ्या फेकल्या होत्या.

शेतात जाईल ते फक्त स्वच्छ केलेलं प्लास्टिक, जिवाणू नाही, हे तुला सांगायला नको. तरी सांगतो. १९८९ चे नियम आहेत, विद्यापीठातल्या जैवसुरक्षा समितीकडून आधी मंजुरी घे, आणि प्रत्येक फ्लास्क १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बेसिनकडं न्यायचा नाही. आपल्या पंचगंगेच्या पोटात आधीच काय कमी आहे?

मार्गदर्शकांशी भांडू नकोस. विषय तोच ठेव, फक्त क्रम उलटा मांड: मळी, माती, मग जिवाणू, मग जनुक. ते ऐकतील. नाही ऐकलं तर मला सांग, त्यांच्याशी माझी रंकाळ्यावर सकाळी फिरताना गाठ पडते.

येत्या रविवारी मोकळी असलीस तर सकाळी सातला ये. केर्लीकडं एक गुऱ्हाळ ओळखीचं आहे, तिथं काकवी घेऊ. काकवीवर जिवाणू काय करतो आणि मळीवर काय करतो हे शेजारी शेजारी बघता येईल. तिथून कारखान्यावर, केमिस्टला सांगून ठेवलंय. पाच लिटरचे दोन कॅन आण, रुंद तोंडाचे, आणि झाकणं घट्ट बसतायत का ते घरीच पाणी भरून उलटं करून बघ. मागच्या वेळी डिकीत सांडलेल्या मळीवर अजून मुंग्या येतात आणि तुझी काकू गाडीत बसताना मला रोज ऐकवते.

तुझा,
काका